मी गाडी मागे घेत नाही

३ नोव्हेंबर

अर्धा तास म्हणे! सकाळी सात वाजता आमच्याच गाडीत बसले, सव्वाआठला उतरले, आणि त्या शाहीद मास्तरने त्याच्या कार्डावर लिहिला अर्धा तास. बाकीचा वेळ गेला कुठे, खाडीत? विचारलं तर म्हणतो, मावशी, बाकीचा वेळ गाडी उभी होती. उभी होती तर काय झालं? आत मीच होते ना? पट्टा लावला होता, पाय क्लचवर होता. पळस्प्याच्या सिग्नलला गाडी बंद पडली ती परत कोणी सुरू केली? मी. मागच्या ट्रकवाल्याने आईबाप काढले ते कोणी ऐकले? मी. मास्तर तर फोनवर बोलत होता.

तीस तास सराव झाल्याशिवाय टेस्टला नेत नाही, असा त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलचा नियम. ठीक आहे. त्याचे तास त्याच्याकडे, माझे माझ्याकडे. चौथीत शाळा सोडली त्यानंतर आज पहिल्यांदा एवढं लिहिते आहे. हात दुखला.

आजचा सराव : सव्वा तास. लिहिलं. पुसायची कोणाची टाप नाही.

४ नोव्हेंबर

मी गाडी का शिकते तेही लिहून ठेवते, नंतर लोक वेगळंच सांगतात.

परवा गव्हाणला प्राचीचं डोहाळजेवण झालं. माझी एकुलती एक लेक, सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. तिची सासू सुमतीबाई, माझी विहीण, आपली खालच्या आवाजात म्हणाली, न्यायला कधी येता ईनबाई? मी सगळ्या बायकांसमोर सांगितलं, पौष लागायच्या आत येईन, आणि माझी गाडी मी स्वतः चालवत येईन. सगळ्यांनी वळून बघितलं. विहिणीचं तर तोंड उघडंच राहिलं. ती बाई रिक्षात बसली तरी दोन्ही हातांनी दांडा धरते.

तेवढ्यात प्राची हसत म्हणाली, आई, तुला लायसन्स मिळालं तरच मी तुझ्या गाडीत बसेन, नाहीतर इथेच राहीन. बायका खिदळल्या. गंमत केली तिने. पण मी बोलले ते बोलले.

८ नोव्हेंबर

मास्तर म्हणाला, आज रिव्हर्स शिकू. मी नाही म्हटलं. आमची गाडी दसऱ्याला घेतली, चाकांखाली लिंबं ठेवून काढली, गावदेवीपुढे नारळ फोडला. अशी गाडी मागे घेत नाहीत. मास्तर म्हणाला, ते त्याच दिवसापुरतं असतं मावशी, मला पण माहीत हाय, सगळे पनवेलवाले माझ्याकडेच शिकलेत. मी म्हटलं, बाळंतीण सव्वा महिना सांभाळतात, मग गाडी का नाही? त्याने बोटं मोजली. म्हणाला, सव्वा महिना तर झालाच की. मी म्हटलं, तो प्राचीच्या बापाचा झाला. मी चालवायला बसले त्या दिवसापासून माझा धरायचा.

मास्तर म्हणाला, मावशी, अल्ला कसम, मागचा गिअरसुद्धा कंपनीनेच दिलाय.

दिला असेल. कंपनी लायटरपण देते. मी विडी ओढते का?

सराव : एक तास. वाद धरून दीड.

१० नोव्हेंबर

गाडी आमच्या आवारात तोंड आत करून उभी असते. बाहेर काढायची तर मागे घ्यायला हवी. उपाय काढला. गिअर लावायचाच नाही. मी आत बसून स्टेअरिंग धरते, प्राचीचा बाप आणि शेजारच्या गंगाबाईचे दोन पुतणे पुढून ढकलतात. गिअर लागला नाही म्हणजे मी गाडी मागे घेतली नाही. देवीलाही हे कळतं.

गंगाबाई ओट्यावरून ओरडली, चंद्रे, गाडी हाय का मयत गो, चार जण लागतात न्यायला? मी काच वर केली. तिच्या दारात सायकलसुद्धा नाही.

१५ नोव्हेंबर

पनवेलच्या मार्केटात गेले. मी चालवत, प्राचीचा बाप बाजूला, त्याचा एक हात हँडब्रेकवर. सारखा. देवाला हात लावून बसल्यासारखा. कोळंबी घेतली. येताना पळस्प्याला आमचं वळण दहा पावलं पुढे गेलं. तो म्हणाला, जरा मागं घे, रस्ता मोकला हाय. मी नाही घेतली. सरळ गोवा रोडला लागले. वळायला बरी जागा कर्नाळ्यापाशी मिळाली. माकडं बघितली. हवा चांगली होती. घरी येईपर्यंत कोळंबी वास मारत होती आणि प्राचीच्या बापाने तोंड उघडलं नव्हतं. माणूस सुधारतोय.

सराव : अडीच तास. एका दिवसात! मास्तरने ऐकून कपाळाला हात लावला. मीही त्याच्या जागी असते तर लावला असता, एवढी हुशार बाई त्याने पाहिली नसेल.

१९ नोव्हेंबर

आज प्राचीचा बाप गाडी चालवत होता, मी बाजूला बसून सांगत होते. डावीकडे, ब्रेक, आता हॉर्न, आता का नाही मारला हॉर्न. चालवणारा फक्त हात हलवतो, डोकं माझं. सराव : एक तास.

२२ नोव्हेंबर

प्राचीचा फोन. पाय सुजतात म्हणाली. मी म्हटलं, तिथे काम करायला लावत असतील. म्हणाली, नाही गं, आई मला ग्लास उचलू देत नाहीत. सासूला आई म्हणते. मला पण आईच म्हणते. कोणाबद्दल बोलते ते मला मध्येच विचारावं लागतं.

म्हणाली, आई हल्ली रोज पहाटे वॉकला जातात, दीड तासाने येतात. जाऊ दे. वजन तर काही उतरलेलं दिसलं नाही.

मी विचारलं, तुझ्यासाठी पलंग कुठे टाकू, खिडकीजवळ की आत? म्हणाली, आधी टेस्ट तर होऊ दे.

२७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार. उपास. मासळी बंद, डोकं बंद. मास्तर सांगत होता, गव्हाणकडच्या एक काकू पहाटेच्या बॅचला येतात, रिव्हर्स आधी शिकवा म्हणाल्या. म्हणे, पुढे जाणं सोपं असतं, अडकल्यावर काय करायचं ते सांगा. मी म्हटलं, असेल कोणीतरी भित्री. शिकायच्या आधीच माघार.

मास्तरने फडकं घेतलं. काच पुसत बसला.

सराव : नाही. पण गाडी धुतली. आतून धुताना सीटवरच बसले होते. पाऊण तास.

४ डिसेंबर

माझ्या हिशोबाने तीस तास झाले. मास्तरच्या हिशोबाने अकरा. मी माझी वही त्याच्या समोर ठेवली. त्याने धुण्याचा पाऊण तास वाचला, परत वाचला, मग म्हणाला, मावशी, टेस्टची तारीख बारा घेतो. हरला.

सव्वा महिना अकराला पुरा होतो. तेवढा एक दिवस हातात. एका दिवसात रिव्हर्स होईल. जे पुढे जातं तेच मागे येतं, त्यात शिकायचं काय?

८ डिसेंबर

डिंकाचे लाडू वळले. मेथीचे वेगळे. पलंग खिडकीजवळ टाकला, मग आत घेतला, परत खिडकीजवळ. प्राचीचा बाप म्हणाला, एवढा पलंग मागंपुढं करतेस, गाडीच करायची व्हती. आज त्याला दुसरी वाढणी दिली नाही.

११ डिसेंबर

सव्वा महिना पुरा. मास्तर सकाळीच दारात. पण आज परत गुरुवार निघाला. उपाशी पोटी मान वळवून मागे बघितलं की चक्कर येते. त्याला चहा देऊन पाठवलं.

उद्या टेस्ट. लिंबू पर्समध्ये ठेवलं.

१२ डिसेंबर

टेस्ट उत्तम झाली.

आकड्यातला आठ काढायला सांगितला, मी तीन काढले. साहेब थांबा थांबा म्हणत होते पण मला लय सापडली होती. मग म्हणाले, आता त्या खांबांच्या मधून गाडी मागे घ्या. मी काय केलं? सरळ पुढे गेले, मैदानाला फेरी मारली आणि पलीकडून त्याच खांबांच्या मधे येऊन उभी राहिले. जागा तीच. एकही खांब पडला नाही. साहेब म्हणाले, काकू, मागे यायचं होतं. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला गाडी इथे पाहिजे होती ना? आली.

लायनीतली पोरं टाळ्या वाजवत होती. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढची तारीख घ्यायला सांगितली. याला नापास म्हणत नाहीत. तारीख पुढे गेली, एवढंच. मास्तर परत येताना म्हणाला, आज गव्हाणच्या काकू पण व्हत्या टेस्टला, पहिल्या नंबरात पास. मी म्हटलं, तिचा आठ एकच होता, माझे तीन.

१३ डिसेंबर

प्राचीने फोनवर विचारलं, झाली का टेस्ट? मी म्हटलं, झाली. ती म्हणाली, मिळालं? मी म्हटलं, मंगळवारी न्यायला येते, ओटीचं सगळं घेऊन, तयार राहा. ती म्हणाली, मिळालं का आई? मी म्हटलं, रेंज नाही.

१६ डिसेंबर

जे झालं ते नीट लिहिते. गंगाबाईच्या तोंडून दुसरंच काहीतरी पसरेल.

एल लावलेली गाडी, मी चालवत, प्राचीचा बाप बाजूला. त्याच्या मांडीवर ओटीचं ताट, लाडवांचे डबे मागे. गव्हाणला सुखरूप पोचलो. विहिणीचं घर लांब गल्लीच्या पार टोकाला. गल्लीत शिरले आणि समोरून एक लाल गाडी आली. नाकाला नाक. बघते तर चालवायला विहीण! बाजूला माझी प्राची, पोटावर हात ठेवून. तपासणीला दवाखान्यात निघाल्या होत्या.

मी हॉर्न दिला. ओटी घेऊन येणाऱ्याला वाट द्यायची असते. प्राचीचा बाप म्हणाला, चंद्रे, तुझ्या मागं दहा पावलांवर मैदान हाय. त्यांच्या मागं सगली गल्ली. तू घे मागं. मी म्हटलं, लेकीच्या सासरी पहिल्यांदा गाडी घेऊन आले, आणि मागे जाऊ? दारादारांत बायका उभ्या राहिल्या.

विहिणीने आतून हात जोडले, मान वळवली आणि गाडी घेतली मागे. सगळी गल्ली. दोन्ही बाजूंना मोटरसायकली, पाण्याची पिंपं, एक झोपलेला कुत्रा. कुत्रासुद्धा उठला नाही. एक म्हातारी म्हणाली, सुमतीने काय नेली गो गाडी, सुईत दोरा घातल्यासारखी! मी म्हटलं, बघा, शेवटी माघार कोणी घेतली? त्यांनी.

मी ऐटीत पुढे गेले. गल्लीच्या टोकाला तिने तिच्या अंगणात गाडी घातली आणि मी बरोबर तिच्या तोंडाशी लावली. पुढे भिंत. आता माझी गाडी निघाल्याशिवाय तिची निघेना. डॉक्टरची वेळ होत आली. प्राची गाडीतून उतरली नाही. माझ्याकडे बघतही नव्हती. प्राचीचा बाप म्हणाला, उतर, मी काढतो. मी उतरले नाही. व्याह्यांच्या दारात नवऱ्याने गाडी काढून दिली असं मला आयुष्यभर ऐकायचं नाही.

मग विहीण काचेशी आली. पदर सावरत हळूच म्हणाली, ईनबाई, तुमची नवी गाडी मला एकदा चालवून बघायची हाय. द्याल का?

हेवा असतो माणसाला. मी मोठ्या मनाने दिली. प्राचीच्या बापाला मागे बसवलं, मी बाजूच्या सीटवर सरकले, ताट मांडीवर. तिने एका दमात गाडी मैदानापर्यंत मागे नेली. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, छान हाय गाडी, हलकी चालते. मी म्हटलं, क्लच जरा लवकर सोडता तुम्ही.

मग ती गल्लीतून चालत परत गेली, आणि त्या दोघी लाल गाडीतून आमच्या बाजूने निघून गेल्या. प्राचीने हात केला. की खिडकीची काच वर केली, ते नीट दिसलं नाही.

ओटी ताटातच राहिली. घरी प्राचीचा बाप चालवत आला. मी हँडब्रेकवर हात ठेवून बसले.

सराव : गाडीत होते तेवढा सगळा वेळ.

१७ डिसेंबर

सकाळी प्राचीचा फोन. तिने बोलायचं आधी ठरवून ठेवलं असावं, कारण मध्ये थांबली नाही. म्हणाली, बाळंतपण इथेच करूया आई. दवाखाना जवळ आहे, आईंना गाडी येते, वेळीअवेळी कळा आल्या तर मला भीती नाही वाटणार. तूच इथे ये राहायला. आणि येताना पप्पांना चालवू दे.

मी विहिणीच्या घरी जाऊन राहू? तिच्या हातचं खाऊ? मी म्हटलं, भीती कसली, मी आहे ना. ती म्हणाली, तेच गं. मग रेंज गेली. या वेळी तिच्याकडची.

दुपारी मास्तरकडे गेले. म्हटलं, रिव्हर्स शिकायला किती दिवस लागतात? म्हणाला, मावशी, तुम्हाला का बाकीच्यांना?

पलंग खिडकीजवळच आहे. चादर नवीन घातली. लाडू डब्यात आहेत, मुंग्या लागतील.

प्राचीच्या बापाकडून प्राचीला मेसेज लिहून घेतला, मी सांगितला तसाच : उद्या गुरुवार. शुक्रवारी अमावस्या, मग पौष, पौषात मी कोणाला आणत नाही. गाडी कोण चालवणार ते मी विचारलेलं नाही. तुझ्या सासूने चालवली तरी चालेल, मी बाजूला बसेन, काही बोलणार नाही. फार तर हॉर्नचं सांगेन. येतेस की नाही, एवढंच सांग. मला उद्या दिवे लागायच्या आत उत्तर पाहिजे.