सासऱ्यांचं व्हेंटिलेटर आणि माझा हवेतला अनुभव

९ डिसेंबर, सकाळी
सासरे मारुतराव, म्हणजे आमचे मामा, पहाटेपासून व्हेंटिलेटरवर. डॉ. सुफिया यांनी स्वतः सांगितलं. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. सासूबाई रडायला लागल्या. त्यांना म्हटलं, मामी, हवेचंच काम आहे, मी आहे ना. कोरेगाव भीमाच्या कंपनीत कॉम्प्रेसर मीच चालवतो. दौंडात एवढा अनुभव कुणाकडं असणार?

१० डिसेंबर
डॉक्टरांना प्रेशर वाढवायला सांगितलं. त्या म्हणाल्या, फुप्फुस म्हणजे टायर नाही. जास्त दाबानं फाटतं. छातीत दाब वाढला की हृदयाकडं रक्त कमी येतं, बीपी पडतं. ऐकून घेतलं. वयानं लहान आहेत.
खुटबावहून जीपभर पाहुणे आले. सेटिंग माझ्या देखरेखीखाली आहे, असं सांगितलं. मेहुणा दत्ता सगळ्यांसमोर म्हणाला, दाजी, तुमाला आत तरी घेत्यात का?
संकल्प: दत्ताशी कमी बोलणे.

१२ डिसेंबर
मामांचं बीपी पडलं. मला मॉनिटरची वायर लूज वाटते. औषध लावल्यावर वर आलं. म्हणजे कुणीतरी गुपचूप वायर घट्ट केली.

१५ डिसेंबर, सकाळी
झोपेचं औषध कमी केलंय. आज मामांनी स्वतः श्वास घेऊन बघायचा. डॉक्टर म्हणतात, सगळं मशीननंच केलं तर छातीखालचा पडदा दुबळा होतो, मग मशीन सुटणं अवघड. पटलं नाही. एवढं भाडं भरतोय तर मशीननं काम करावं, मामांनी आराम.

१५ डिसेंबर, दुपारी
भेटीच्या वेळी मशीनचा अलार्म वाजला. आमच्या कंपनीची पद्धत: आधी बझर बंद, मग चहा, मग कारण. बटन दाबलं. एकदम शांतता. मामा मात्र निळे पडायला लागले. सिस्टर धावत आल्या. नळीत कफ अडकला होता, तो ओढून काढला. मग मला काही बोलल्या. सगळं लिहून ठेवण्यासारखं नाही. श्वासाची चाचणी पुढं ढकलली.
संध्याकाळपासून मला बाहेरची जबाबदारी देण्यात आली आहे.

१७ डिसेंबर
पाहुण्यांना सांगितलं, इन्फेक्शन नको म्हणून मी स्वतःच आत जात नाही. बायको मुक्ता म्हणाली, माझा बाप ऱ्हातोय का जातोय कळंना, आन् तुमी भाषणं देताय व्हय?
चाचणी झाली. मामा थोड्याच वेळात दमले, पुन्हा मशीनवर घेतले. उद्याही जमलं नाही तर गळ्याला छिद्र पाडून नळी घालणार. माझंही जेवणावरचं मन उडालंय. वडापाव दोनच खाल्ले.

१८ डिसेंबर
तोंडातली नळी निघाली! मामा स्वतःचा श्वास स्वतः घेतायत. मुक्तानं बाहेर येऊन सांगितलं आणि माझ्याच खांद्यावर रडली. मीही थोडा. धूळ फार होती.
नळीमुळं मामांचा घसा बसलाय. तरी पहिला प्रश्न माझ्याबद्दलच: जावईबापू कुठं हायेत? बाहेर हायेत, असं मुक्तानं सांगितलं. मग बरं हाय, म्हणाले आणि डोळे मिटले. माझा केवढा आधार वाटत असेल!
सगळं ठीक राहिलं तर उद्या जनरल वॉर्डात हलवणार. तिथं मलाही आत सोडायला हरकत नाही, असं डॉक्टर सुफिया म्हणाल्या. तिथं मशीन नसतं.