पूर्वेच्या भिंतीतले दार

प्रिय लेखिकाबाई,

कागदाच्या शिरोभागी प्रथम तुझे संपूर्ण नाव लिहिले होते, अर्जावर लिहावे तसे. तू हसली असतीस, म्हणून ते खोडले आणि चिडवताना वापरत असे तेच संबोधन घातले. तुला जाऊन चार महिने झाले. तुझी लिहिण्याची खोली आज रिकामी करून द्यावयाची आहे. सकाळपासून येथेच आहे. मेज न्यायला माणसे पाचला येतील, तोवर त्याच मेजावर लिहीत आहे.

बावीस वर्षे तू तिसऱ्या मजल्यावरच्या या एका खोलीतून साऱ्या कादंबऱ्यांची घरे उभी केलीस. एकीत हा दवाखाना झाला, एकीत शाळेचे कार्यालय, एकीत तर चक्क जहाजावरची केबिन; परंतु छताचा ओला डाग आणि उंबऱ्याजवळची डुगडुगणारी फरशी सगळीकडे तुझ्याबरोबर गेली. ते जहाज कोणते, असे वाचक विचारत. तेथे जिन्याने जावे लागते, असे तू गंभीरपणे कळवीत असस.

आणि मी, इमारतींचे नकाशे तपासण्यात हयात घालवलेला मनुष्य, तुझी हस्तलिखितेही तशीच तपासत आलो. एका सुट्टीच्या सकाळी येथे टेप लावून खोलीचा नकाशा काढला आणि त्यावरून तुला धारेवर धरू लागलो. नायिका खिडकीपासून पलंगापर्यंत पाच पावले चालते, अंतर तीनच पावलांचे आहे, असा शेरा मी मारला होता. 'तिला जायचंच नव्हतं हो त्या पलंगाकडे,' तू म्हणालीस. 'आणि कादंबरीला नकाशा मंजूर करून घ्यावा लागत नाही, इंचपट्टी!' पाच पावले तशीच छापली गेली. दर वेळी तूच जिंकत असस, आणि मला ते मनातून आवडत असे.

मग शेवटची कादंबरी आली. तीत एका पानावर एकटी राहणारी म्हातारी रोज दुपारी पूर्वेच्या भिंतीत एक पिवळे दार पाहते. त्याला एकच काळी मूठ आहे. ती दार उघडत नाही, नुसती खुर्ची ओढून समोर बसते. पलीकडे कोणी आहे, एवढे तिला पुरते. मी समासात पेन्सिलीने लिहिले : 'पूर्वेची भिंत शेजारच्या इमारतीला लागून. दार अशक्य.' तू तेव्हा इस्पितळात होतीस. शेरा वाचलास, म्हणालीस, 'असू दे, तुमचं बरोबर आहे,' आणि पानावर आडवी रेघ मारलीस. तू वाद घातला नाहीस. तेव्हाच मी ओळखायला हवे होते.

आज पुस्तके बांधून झाली आणि मी तुझ्या खुर्चीत बसलो. इतक्या वर्षांत दुपारी मी येथे कधी आलोच नव्हतो, कचेरी असे. चार वाजून वीस मिनिटांनी समोरच्या इमारतीत कोणी खिडकीचे तावदान उघडले. त्याच्या काचेवरून ऊन आपल्या खिडकीतून आत आले आणि पूर्वेच्या भिंतीवर उभे राहिले. पिवळे, सरळ कडांचे, जमिनीपर्यंत. तुझी छत्री अडकवायचा खिळा नेमका मुठीच्या जागी. मी उठून टेप लावली, हे तुला सांगायला नकोच. उंची साडेसहा फूट, रुंदी पावणेतीन. तेवढ्यात घरमालकीणबाई चहा घेऊन वर आल्या. 'बाई कधी मोजत नव्हत्या हो, नुसत्या बघत बसायच्या,' त्या म्हणाल्या. मग मीही टेप खिशात घातली आणि बसलो. दाराच्या खालच्या कडेशी माझ्या बुटांची सावली पडली होती. पलीकडे कोणी येऊन थांबावे तशी. अकरा मिनिटांनी दार भिंतीत विरले.

आता पत्राचे कारण. कादंबरीची अंतिम मुद्रिते उद्या सकाळी प्रकाशकाकडे जायची आहेत आणि त्यांत ते पान नाही. तुझी रेघ एकेरी होती. अक्षर न् अक्षर वाचता येते. मी माझा शेरा खोडरबराने पुसला आहे आणि ते पान त्याच्या जागी लावून, 'घेणे आवश्यक' असे लिहून खाली सही केली आहे. तुला न विचारता केले. बावीस वर्षांत प्रथमच माझा शेराच चुकीचा निघाला, आणि ते ऐकायला तू नाहीस. मेज गेले आहे. या शेवटच्या ओळी खिडकीच्या कट्ट्यावर लिहितो आहे. खिळा तेवढा राहू द्यावा, अशी विनंती केली आहे. खोलीला कुलूप लावून दोन्ही किल्ल्या घरमालकीणबाईंना परत करीत आहे.

तुझाच,
इंचपट्टी

ता. क. कुलूप लावले. किल्ल्या दिल्या.