नेमसिंगच्या रक्ताचा फेरतपास

तांडा, बोरी अरबजवळ,
पोळ्यानंतरचा सोमवार

आदरणीय किसनसिंगजी यांस,

नेमसिंगचा जय सेवालाल. तुमचं ढाणकीचं कापडदुकान, तुमचा उजवा गुडघा आणि वहिनींचा खोकला हे तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो. इकडे तुमच्या बहीण मोतीबाई खुशाल आहेत, बैल खुशाल आहेत, कपाशीवरची अळी तर सगळ्यांत खुशाल आहे. अक्षर यंदा जरा वाकडं दिसेल. त्याचं कारण टेबलाचा एक पाय आखूड आहे, दुसरं काही नाही. फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्ही दुकानात फोन स्पीकरवर ठेवता आणि लुगडं घ्यायला आलेली बाई मध्येच सल्ला देते. हा विषय तिच्यापुढचा नाही.

तुमची भाची बबिता नागपुरात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय विषशास्त्र. (तुम्ही सोयऱ्याधायऱ्यांत 'केमिस्ट्री' सांगता, हे मला ठाऊक आहे. पोरीच्या हातचा चहा प्यायला पाहुणे बिचकतील असं तुम्हाला वाटतं.) खरं बघता या घरात हे शास्त्र दुसऱ्या पिढीत आलं. पहिली पिढी मी. शाळा नववीत सुटली, पण फवारणीच्या औषधाच्या डब्यातली ती घडीची चिठ्ठी, जी लोक चुलीत टाकतात, ती मी भिंग लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आलो. डब्यावरच्या विषखुणेचा रंग लाल, पिवळा, निळा की हिरवा, हे मी नुसत्या बुचाच्या वासावरून सांगतो. (हातमोजे, चष्मा, तोंडाला फडकं असंही त्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. ते नवशिक्यांसाठी.) द्रावण मी काडीनं ढवळत नाही, कोपरापर्यंत हात घालून ढवळतो, कारण हाताला कळतं ते काडीला कळत नाही. वरून शाम्पूची एक पुडी, म्हणजे औषध पानाला धरून राहतं. फवाऱ्याचं नोझल तुंबलं की बाकीचे तार शोधत बसतात. मी ते तोंडाला लावून फुंकतो, मोकळं! ही फुंक अख्ख्या तांड्यानं माझ्यापासून उचलली आहे.

तर बबिता सुट्टीत सुया, नळ्या आणि बर्फाचा डबा घेऊन आली. फवारणी करणाऱ्यांचं रक्त तपासायचं, हा तिचा प्रबंध. सेवालाल महाराजांच्या ओट्यावर तिनं चादर अंथरली, पण कोणी बाही वर करीना. तांड्याचे नाईक बाबूसिंग म्हणाले, "रक्त नेऊन काय करून राह्यली पोरी, कपाशीले टाकते का?" शेजारच्या सुखीबाईंनी तर चारचौघांत विचारलं, "विष शिकाले नागपूर कायले जा लागते वं? तुया बापाची खोली उघड ना!" (सुखीबाईंचा हा मी गौरव समजतो.) शेवटी पोरीची लाज राखायला मीच पहिला बसलो. कोणती शीर घ्यावी हेही मीच दाखवलं. माझं बघून मग रांग लागली.

निकाल आला तो असा. बबिताच्या सांगण्याप्रमाणे, नसेनं हाताला हुकूम दिला की काम झाल्यावर तो पुसायला शरीरात एक पदार्थ असतो, पाटी पुसायच्या फडक्यासारखा. आपलं औषध ते फडकंच खातं. मग हुकूम पुसला जात नाही, हात हलत राहतो, छाती भरून येते. अख्ख्या तांड्यात हे फडकं सर्वांत कमी कोणाकडे? नेमसिंगकडे. सुखीबाई म्हणाल्या, "सगळ्याइले शिकवलं अन् सोता नापास!" मी रक्त तपासलेल्या यंत्राची माहितीपुस्तिका मागितली. ती इंग्रजीत निघाली. यंत्रात दोष असणार, हे मी तिथंच जाहीर केलं.

कारण रामधनचं उदाहरण माझ्यापुढे आहे. माझा चुलतभाऊ तो, मागच्या हंगामात फवारता फवारता शेताच्या धुऱ्यावर पडला आणि तांड्यात आला तो चौघांच्या खांद्यावरून. त्याची कारणमीमांसा मी तेव्हाच केली होती : वारा समोरून, पोट उपाशी. मी वारा पाठीशी घेतो आणि भाकर खाऊन निघतो. मग माझं रक्त असं कसं येईल? हे मी बबिताला नीट समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बापू, आता फवारणीच्या पंपाले हात लावाचा नाही. दारव्ह्याले फेरतपास करू. रक्त सुधरलं नाही त मी कॉलेज सोडून घरी येते. तुमाले असं टाकून मले तिथं विषाचे धडे वाचता येत नाहीत."

पोरगी तुमच्या बहिणीवर गेली आहे, बोलली की करते. तांड्यातून इतकं शिकलेली ती पहिली, एवढंच लिहितो. बाकी सर्व उत्तम. थोरांना रामराम, लहानांना आशीर्वाद.

आपला,
नेमसिंग

ता. क. : दारव्ह्याचा लॅबवाला मला तोंडानं ओळखत नाही. तुम्ही शनिवारी यावं आणि नेमसिंग म्हणून बाही वर करावी. जन्मभर कापड फाडलंत, अंगाला खळीशिवाय काही लागलेलं नाही. तुमचं रक्त पहिल्या नंबरात येईल, आणि पोरगी परत जाईल.

दुसरा ता. क. : फेरतपास मीच का देत नाही, असं तुम्ही विचाराल. अळी रजेवर गेलेली नाही, शनिवारी फवारणी आहे. घरी मी 'दारव्ह्याला जातो' सांगतो आणि पंप नाल्याकाठी झुडपात ठेवतो. मोतीबाईंना कळवू नये.

तिसरा ता. क. : हे पत्र बबिताच्याच हाती पेटीत टाकायला देतो आहे. चिंता नको. पाकीट मी स्वतः बाभळीच्या डिंकानं चिकटवलं आहे.

---

मामा, मी बबिता. पाकीट उघडंच होतं. डिंक पाकिटापेक्षा बापूंच्या बोटांनाच जास्त लागला होता.

तुमचा रक्तगट ओ, बापूंचा बी. दिवाळीत मीच तपासले होते, बापू विसरले. झुडपातला पंप मला कालच दिसला. त्याआधी बापूंचे डोळे दिसले होते. अंधाऱ्या खोलीतही त्यांची बाहुली मोहरीएवढीच राहते. रामधनकाकाची पण तशीच झाली होती. तेव्हा मला ती विषाची खूण वाचता येत नव्हती.

शनिवारी नका येऊ, हे मिळालं की लगेच या. रक्त द्यायला नाही, त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात न्यायला. माझं ते ऐकत नाहीत, पण तुमच्यासमोर भिडेनं गाडीत बसतील. त्यांना वाटू द्या की यंत्राचा दोष काढायलाच चाललो आहोत.

आणि मामा, टेबलाचे चारही पाय सारखे आहेत.