डावीकडची चावी

३ जून

चि. चिमटीस अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या काकूचं, शब्द माझे. उजवा हात अजून मांडीवर नुसता पडून असतो. डॉक्टर म्हणाले, आता एवढ्यावरच भागवा. ज्याला स्वतःच्या घड्याळाला चावी देता येत नाही, त्याने लोकांची घड्याळं काय उघडायची! वीस तारखेला एकजण दुकानातली हत्यारं विकत न्यायला येतोय. काकू रोज माझ्या घड्याळाला चावी द्यायला येते. मी हात लावू देत नाही. बंद आहे, बंदच राहू दे. ते आणि सुट्ट्या भागांचा डबा तुला पाठवतोय. ठेवून घे. तुझ्याशिवाय हे शिकवलंय तरी कुणाला?

तुझा काका

ता. क. मी काकू. यांच्या नकळत लिहितेय. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. काहीतरी कर गं.

९ जून

ती. काकांस सा. न. वि. वि.

घड्याळ परत पाठवतेय. आधी वाचा, मग रागवा.

घड्याळ सहाचा आकडा वर येईल असं उलटं धरलं की चावीचं बटण डावीकडे येतं. मग फक्त तबकडी फिरवून सुलटी करायची. म्हणजे घड्याळ उजव्या मनगटावर आणि चावी डाव्या हाताने! पण तबकडीच्या मागचे खिळ्यांसारखे पाय फिरवल्यावर मशीनच्या भोकांत बसेनात. अस्सल तबकडीचे पाय कापलेस तर हात तोडीन, हे तुमचं बोलणं मला पाठ आहे. म्हणून तुमचा डबा उपसला. त्याच कंपनीची, पाय तुटलेली एक तबकडी निघाली. पाकिटावर तुमच्याच अक्षरात ‘बाद’. तिला हव्या त्या जागी नवे पाय डाख देऊन जोडले. दोनदा चुकले, बोट भाजलं, तिसऱ्यांदा बसले. सेकंदाचा छोटा काटा आता भलत्याच जागी येतो, त्यावर मात्र पाणी सोडावं लागलं. अस्सल तबकडी जपून ठेवलीय, बाकी सगळं मूळचं.

काका, बाद काय हे ठरवताना तुम्ही चुकलात, आणि एकदाच नव्हे. वीस तारखेच्या आत चावी द्या. तुम्हीच द्या.

काकूंना नमस्कार. रागासोबत आशीर्वादही पाठवा.

तुमची चिमटी

१८ जून

चि. चिमटीस आशीर्वाद.

अक्षर माझं, डाव्या हाताचं. हसू नकोस, एवढं लिहायला अख्खी सकाळ गेली.

पट्टा काकूने बांधला. बटण बोटांतून सारखं सटकायचं. ती मदतीला आली तर मी ओरडलो. ती म्हणाली, ओरडताय म्हणजे सुधारलात. शेवटी चावी बसली. कानाला लावून ऐकलं आणि रडलो. लिहायला लाज कसली?

पण घड्याळ दिवसाला चार मिनिटं पुढे पळत होतं. असं काम गिऱ्हाइकाच्या हातात देतात का? काल मागचं झाकण उघडायला बसलो. तासभर लागला. घड्याळ काकूने धरलं, तिला धरू दिलं. आतली चाल कमीजास्त करायची पट्टी केसभर सरकवली. आज वेळ बरोबर आहे.

त्या हत्यारवाल्याला काकूकरवी कळवलंय, उगाच खेप घालू नकोस म्हणून. मला लागतात.

तुझा काका