तालामागून येणारी लेक

अहो,

नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही मायलेकी खुशाल आहोत. आनंदाची बातमी म्हणजे पोरीच्या गाण्यांचा अल्बम काल पुरा झाला! सगळी जुनी, संथ, जॅझची गाणी. स्टुडिओत चहा फुकट होता, म्हणून मी दोनदा घेतला.

शेवटचं गाणं मात्र काही केल्या जमेना. ती काचेच्या खोलीत एकटी, गळा दाटलेला. मला वाटलं, तालाच्या मागे पडतेय. भजनात कुणी मागे पडलं की मी करते तसं काचेबाहेरून टाळ्या वाजवत तिला पुढे ओढू लागले. ती गाता गाता खुदकन हसली!

शेजारी बसलेला रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "मावशी, ती मुद्दाम मागे राहते. त्यातच तर गोडी आहे."

"मग आधी नाही का सांगायचं? हात लाल झाले माझे!"

पण त्या हसण्याने तिचा गळा मोकळा झाला. पुढच्या खेपेला अशी गायली, की माझे हात आपोआप जोडले गेले.

गोळी वेळेवर घेता ना? दुधाचे खाडे मांडून ठेवा.

बेताल गाते म्हणून तुम्ही तिचं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. बाहेर पडताना तिने हळूच विचारलं, "आई, हे तरी बाबा ऐकतील का गं?"

मी देवाची शपथ घेऊन हो म्हटलंय. आता मला खोटं पाडू नका.

तुमची,
लेकीची आई