तिन्ही बेअरिंगं एकाच बाजूची

प्रिय ठमे,

दुकानाच्या दारावर ‘जेवायला गेलोय’ यापलीकडे आयुष्यात काही न लिहिलेला तुझा भाऊ पत्र लिहायला बसलाय म्हटल्यावर तू हसशील. हस. तुझा नवरा जाऊन महिना झाला, आणि मागच्या रविवारी मी इंजिन परत घेऊन आलो तेव्हा तू धड बोललीही नाहीस. चहाचा कप समोर ठेवलास, ओढ्याकाठच्या शेडची किल्ली दिलीस आणि आत गेलीस. लहानपणी तुझं तोंड बंद करायला मला गोळ्यांची लाच द्यावी लागायची. बैठकीतल्या भिंतीवर एक खिळा रिकामा होता, तेवढा माझ्या लक्षात राहिला.

इंजिन बसवलं, पाणी रोपांपर्यंत चढतंय, हे तुला सांगितलंच. बाकीचं इथे लिहितोय.

रोपवाटिकेच्या पंपाचं ते इंजिन तुझ्या नवऱ्याने दोन वर्षांत तीनदा माझ्याकडे आणलं. दुखणं दर वेळी तेच, क्रँकचं, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्याचं, बेअरिंग जळालेलं आणि आतून खडखड. पहिल्यांदा मी खराब ऑइलवर खापर फोडलं. दुसऱ्यांदा बेअरिंगच हलकं निघालं म्हणालो आणि भारीतलं घातलं. तिसऱ्यांदा क्रँक वाकला असेल म्हणून लेथवर चढवून पाहिला, तर तो सरळ. माझ्या टेबलावर इंजिन दोन-दोन तास चालायचं, कुरकुर म्हणून करायचं नाही. तुमच्याकडे गेलं की काही महिन्यांत परत हजर. मग मी निकाल देऊन टाकला की दोष इंजिनात नाही, वापरणाऱ्यात आहे, हा माणूस ऑइल घालतच नाही. हे त्यांना चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं आणि तुलाही फोनवर सांगितलं.

तरी ते मला दादाच म्हणायचे, मी त्यांना रोपवाले म्हणायचो. ते होते तोवर सहा वर्षांत एकदाही मेहुणे म्हटलं नाही, की तुमच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नाही. तू मला न विचारता लग्न केलंस त्याचा राग तुझ्यावर काढवत नव्हता, तो त्यांच्या वाट्याला गेला. दर वेळी निघताना ते म्हणायचे की दादा, एकदा येऊन जागा बघून जा. मी म्हणायचो की आजारी माणूस दवाखान्यात येतो, दवाखाना कुणाच्या दारात जात नाही. गिऱ्हाइकं हसायची, तेही हसायचे. तुमच्याकडून माझ्याकडे येताना वाटेत दोन गॅरेजं लागतात, हे मी रविवारीच नीट पाहिलं. ती ओलांडून हा माणूस माझ्याकडेच का येत होता, हे माझ्या टाळक्यात तोवर शिरलं नव्हतं.

शेडमध्ये मला फार शोधावं लागलं नाही. इंजिनाखालचा ओटा त्यांनी स्वतः बांधला होता, सुबक बांधला होता, पण जमिनीच्या उतारासकट. पाणसळ ठेवली तर बुडबुडा पार एका टोकाला. या इंजिनाला ऑइलचा पंप नसतो. आत एक छोटा चमचा फिरतो आणि तळाचं ऑइल सगळीकडे उडवतो. इंजिन कललं की ऑइल एका बाजूला गोळा होतं आणि वरच्या बाजूचं बेअरिंग कोरडं पडतं. ऑइल मोजायची काठी खालच्या बाजूला, ती बिचारी भरलेलंच दाखवणार. परत येऊन मी जुन्या बेअरिंगांचा डबा उपडा केला. जळालेली तिन्ही एकाच बाजूची. ऑइलच घातलं नसतं तर दोन्हीकडची जळाली असती, ठमे. तीस वर्षं हेच काम करतोय मी. मला ते बघायचंच नव्हतं.

शेडच्या पत्र्यावर खडूने तारखा लिहिल्यात, त्या तू पाहिल्यास का? ऑइल बदलल्याच्या आहेत. एकही महिना चुकलेला नाही. सगळ्यात खाली लिहिलंय, दादांना जागा दाखवणे.

त्यांना पोचवून आलो त्या दिवशी तू माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणालीस की दादा, तुझंच खरं होतं, यांनी इंजिन जपलं असतं तर बादल्या वाहून जीव गेला नसता. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. जागेचं मला तेव्हा माहीत नव्हतं, पण दुसरं एक माहीत होतं. शेवटच्या खेपेला इंजिन तिसऱ्या दिवशीच तयार झालं होतं. मी ते गोणपाटाखाली झाकून ठेवलं. दोनदा त्यांचा फोन आला, दोनदा मी काम चालू आहे म्हणालो. जरा धडा मिळू दे, असं मनात होतं. सतरा दिवस ते ओढ्यातून बादल्या भरून तो चढ चढले आणि सतराव्या दिवशी मध्येच बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले की हृदय आधीपासूनच कमजोर होतं. त्या एका वाक्याआड मी महिनाभर लपून बसलो. ओटा आता सपाट केलाय, ते बेअरिंग पुन्हा जाणार नाही. माझ्या मेहुण्याचा उतरवलेला फोटो बैठकीतल्या त्या खिळ्यावर परत लाव, ठमे. त्यांच्यावरचा तुझा तो राग माझ्या नावचा आहे, तो इकडे पाठवून दे.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
दादा