अर्धा धरलेला क्लच

बुध. ६ नोव्हें., रहिमतपूर

शेवटचा बोल्ट फिरेना. पान्याला पाइप अडकवून जोर लावला तेव्हा सुटला. बोटाची साल गेली. आता साइड कव्हर अलगद हातात येईल असं वाटलं होतं. आतलं पॅकिंग दोन्हीकडे चिकटलेलं. फाटलं.

मोटरसायकल दाजींची. ते गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मागच्या पडवीत, जुन्या चादरीखाली. रविवारी भाचा, संदीप, पुण्याहून गिऱ्हाईक घेऊन येतोय. आक्काचं म्हणणं एवढंच: "इकायची तर चालती इकू. ढकलत दारातनं न्यायची न्हाई."

इंजिन चालू होतं. गिअर टाकून क्लच सोडला की नुसता आवाज, गाडी जागची हलत नाही. क्लच घसरतोय. मेस्त्री कोपऱ्यावरच आहे, पण त्याच्याकडे न्यायची नाही म्हणते. का, ते सांगत नाही.

"तुला दिवाळीची सुट्टी हाय न्हवं? कर की. एवढा शिकलायस."

मी साहित्य शिकवतो. सांगलीला विश्रामबागेत कुणी माझ्या हातात पाना पाहिलेला नाही. कॉलेजात असताना एकदा मित्राच्या गाडीचा क्लच बसवला होता. एक स्प्रिंग उरली होती.

मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. भाषा तमिळ. अडचण आली नाही.

काढलेल्या ऑइलला जळका वास.

गुरु. ७

क्लचच्या प्लेटा बाहेर. काळ्या, गुळगुळीत. मधल्या लोखंडी प्लेटांवर निळी झाक. पार जळाल्यात.

नझीरभाई बघायला आले. शेजारीच त्यांचं शिलाईचं दुकान. दाजींचे जिवलग. प्लेट उन्हात धरून म्हणाले, "ह्या तर दाजींनी जायच्या आधीच्या दिवाळीत टाकल्या. मी होतो की संगं." आणि प्लेट घाईनं खाली ठेवली.

उभी गाडी क्लच जाळत नाही. कुणीतरी चालवतंय. तेही लिव्हर अर्धी दाबून धरून, नवशिक्यासारखं. दाजींचा हात तसा नव्हता.

"कोण हो, नझीरभाई?"

"सर, टेलरनं एकाचं माप दुसऱ्याला सांगायचं नसतं."

आक्का दारात. चहा घेता का म्हणाली. कप आमच्या हातातच होते.

दुपारच्या एस.टी.नं सातारा. दोन दुकानांत नाही, तिसऱ्यात प्लेटा मिळाल्या. रात्रभर ऑइलमध्ये भिजायला हव्यात, कोरड्या बसवल्या तर लगेच जळतात. पडवीतल्या परातीत ठेवल्या. आक्काला सांगायचं राहिलं.

शुक्र. ८

सकाळी परात चकचकीत. प्लेटाही. आक्कानं निरमा लावून काथ्यानं घासल्या आणि ओळीनं उन्हात मांडल्या, सांडग्यांसारख्या.

"लय तेलकट झालत्या रं. त्या तेलानंच घसरत असंल गाडी."

हसावं की रडावं. दोन्ही केलं. ती आधी रागावली, मग तीही हसायला लागली. हसताना विचारलं.

"आक्का, गाडी तू चालवतीस?"

काथ्या खाली ठेवला. पदरानं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

"कॅनॉलच्या रस्त्यानं. तांबडं फुटायला. नझीरभाई म्होरं सायकलवर, मी मागनं."

"कधीपासून?"

"हुरडा होता तवापासनं." मग एकदम: "तीस वर्सं मागं बसले रं. नुसती त्यांची पाठ बघितली. रस्ता कवा बघायचा?"

मेस्त्रीकडे न न्यायचं कारण कळलं. प्लेटा बघताच त्यानं ओळखलं असतं आणि बाजारपेठेत सांगितलं असतं.

"मग विकतीस कशाला?"

"संदीप म्हणतो, अडगळ हाय. त्याला काय सांगू? आई ह्या वयात गाडी शिकती म्हणून? सून हसंल."

"हसू दे."

"तुझं बरं हाय. तू सांगलीला जाशील."

लायसनचं विचारलं. "आदी गाडी तर सरळ जाऊ दे," म्हणाली.

प्लेटा दिवसभर वाळवल्या, संध्याकाळी पुन्हा ऑइलमध्ये. परातीवर पाटा ठेवला.

पॅकिंग कुठंच मिळालं नाही. न.भाईंनी कव्हर जाड कागदावर ठेवून खडूनं आखलं, कात्रीनं कापलं. भोकंसुद्धा बरोबर. "कडेनं शिलाई मारली असती तर शोभलं असतं," म्हणाले. त्यांना विचारलं, लुगड्यात तर गाडी चालवता येत नाही, आक्कासाठी काय शिवलं? "माप न्हाई सांगत म्हटलं की, सर."

शनि. ९

प्लेटा बसवल्या. स्प्रिंगा मोजल्या. उरली नाही. नवं ऑइल, केबलला थोडी ढील. कव्हर गळत नाही. शिलाई चांगली.

पडवीतून फाटकापर्यंत नेऊन आणली. ओढते. न.भाईंनी टाळ्या वाजवल्या, आक्कानं गाडीवरून भाकरतुकडा ओवाळला.

संध्याकाळी गाडी स्टँडवर लावून आक्काला बसवलं. सगळी चूक डाव्या हातात. लिव्हर दाबते आणि अर्ध्यावर घट्ट धरून ठेवते.

"सोड."

"सोडली की."

"अर्धीच. हळू सोड, पण पूर्ण सोड."

"सगळी? उडी मारंल रं ती."

"नाही मारत. धरून ठेवलीस तरच जळते."

पुन्हा. पुन्हा. न.भाई भिंतीवर बसून: "वैनी, सुई चालू झाल्यावर कापड धरून बसायचं नसतं. पुढं सोडायचं."

"तुमी दोघं गप बसा जरा."

मग जमलं. एकदा. पुन्हा नाही.

जेवताना संदीपचा फोन. "मामा, चालू झाली? एक नंबर. उद्याच घेऊन जाईल तो." आक्का समोरच होती. फोन तिच्यापुढे धरला. तिनं नको म्हणून मान हलवली, ताटात आमटी वाढली. फोन ठेवून दिला. सांगायचं तर तिनंच.

गाडी तिनं स्वतः चादरीनं झाकली.

रवि. १०

किकच्या आवाजानं जाग आली. दुसऱ्या किकला लागली. उठलो नाही.

फाटक. पहिला गिअर. पुढे चढ आहे, तिथं दुसरा टाकला. आवाज उगाच चढला नाही. क्लच पूर्ण सोडला.

बाहेर आलो. चादर दोरीवर. खुर्चीवर लुगड्याची घडी. न.भाई दुकानाच्या पायरीवर, सायकल भिंतीला लावलेली. आज म्होरं कुणी नाही, म्हणाले.

नऊला संदीपचा फोन: साताऱ्यात पोचलोय, गिऱ्हाईक संगं आहे, गाडी तेवढी पुसून ठेवा. म्हटलं, ये.

आक्का अजून आलेली नाही.